उतरायची परवानगी फक्त कॅप्टनला

१३ फेब्रुवारी, बेक्वे बेट

नांगर पडला एकदाचा. अंगावर मिठाचा थर आहे, केस दोरखंडासारखे झालेत, पण पोचलो. सेंट लुशिया मागं पडल्यावर लाटा अशा उसळायला लागल्या की फिर्मिनला भोवळ आली. दोनदा ओकला, खाली केबिनमध्ये जाऊन आडवा झाला, तो उजाडेपर्यंत वर आला नाही. "होकायंत्राचा काटा या आकड्यावरून हलू द्यायचा नाही," एवढं सांगून गेला होता. मी नाही हलू दिला. खानावळीत उकळती पातेली सांभाळण्यात जन्म गेलेली बाई मी, एक सुकाणू काय जड आहे! सकाळी म्हणाला, "लीव, तुझा हात चांगला बसलाय." तेव्हापासून फुगून बसले आहे.

नांगर टाकायला वाकला तर त्याच्या कमरेत कळ आली. साखळीसुद्धा मीच सोडली.

नुकसान एकच झालं. माझा फोन. लाट आत शिरली तेव्हा कुठं गेला कळलंच नाही. शेवटी बटाट्यांच्या टोपलीत तळाशी सापडला, पाणी पिऊन गार झालेला.

डोलकाठीवर पिवळा बावटा आहे. म्हणजे आम्ही या देशात आलोय, पण अजून आलेलो नाही. कस्टमचे आणि इमिग्रेशनचे शिक्के पडले की तो उतरवायचा आणि इथला झेंडा लावायचा. तोवर बोटीवरून फक्त कॅप्टननं उतरायचं. फिर्मिन दोघांचे पासपोर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून होडक्यातून गेलाय. मी धक्क्याकडे बघत बसले आहे. बदामाची झाडं, फेरीबोटीतून उतरणारी माणसं, कुणीतरी मासे भाजतंय त्याचा धूर. आज संध्याकाळी मी दुसऱ्या कुणीतरी रांधलेलं खाणार आहे.

*रात्री.* नाही खाल्लं. ऑफिसर मयताला गेलाय म्हणे. उद्या. वाटाण्याचं सूप केलं.

१४ फेब्रुवारी

आज कॉम्प्युटर बंद. फिर्मिन पपई घेऊन आला. "उद्या नक्की," म्हणाला.

१६ फेब्रुवारी

मार्तिनिकहून निघतानाच्या कागदावर एक शिक्का कमी निघाला. आता तिकडून पत्र यायला पाहिजे. पासपोर्ट तोवर ऑफिसात. फिर्मिननं हे सांगितलं तेव्हा तो इतका शांत होता की मलाच त्याची दया आली. दुसरा कुणी असता तर टेबलावर मूठ आपटली असती.

"मी येऊन बोलू का त्यांच्याशी?" मी विचारलं.

"अगं, वेडी की काय! बिनाशिक्क्याची जमिनीवर पाय ठेवशील तर दंड होईल, वर कोठडी. बोटही जाईल माझी."

खरंच आहे. बेल्जियममध्ये ओस्टेंडच्या धक्क्यावर कस्टमवाल्यांनी एका ट्रकवाल्याला माझ्या खानावळीतून, तोंडात घास असताना, उचलून नेलं होतं. त्यांच्याशी वाकड्यात जायचं नाही, हे मी तेव्हाच ठरवलं.

फिर्मिन त्याच खानावळीतलं माझं गिऱ्हाईक. गाळ उपसणाऱ्या जहाजावर मेकॅनिक होता. दर गुरुवारी यायचा, खिडकीशी बसायचा, ताट स्वच्छ करून परत द्यायचा. लग्न केलं नाही. आई होती तोवर आईबरोबर राहिला. ती गेल्यावर घर विकून ही बोट घेतली आणि बोटीला आईचं नाव दिलं, अल्बेर्टीन. माझा नवरा योस गेला त्या वर्षी त्याचं पत्र आलं. केबिन वेगळी, काम वाटून, मन रमलं तर राहायचं, नाही रमलं तर पहिल्या विमानानं परत. कात्रिन म्हणाली, "मा, जा. माझं बाळंतपण मार्चच्या शेवटी आहे, त्याच्या आत ये म्हणजे झालं." म्हणून मी जानेवारीत मार्तिनिकला उतरले.

खरं सांगायचं तर मला अजून जावंसं वाटत नाही. फक्त उतरावंसं वाटतं.

१९ फेब्रुवारी

शेजारी एक फ्रेंच बोट आली. नवरा, बायको, दोन मुली. सकाळी त्यांचाही पिवळा बावटा वर होता. नवरा होडक्यातून गेला, मी इकडे कांदे चिरून परतून होईपर्यंत आला सुद्धा, आणि बावटा खाली. मग सगळे पोहायचे कपडे घालून किनाऱ्यावर.

फिर्मिनला सांगितलं. "फ्रेंचांचं वेगळं असतं," तो म्हणाला.

त्यानं त्याच्या फोनवरून कात्रिनला निरोप पाठवला आणि तिचं उत्तरही आणलं. सगळं छान, आईनं मजा करावी, काळजी करू नये. तिच्या पायांची सूज उतरली का ते काही लिहिलं नव्हतं. मी विचारलं तर फिर्मिन म्हणाला, "अगं, पोरं आजकाल दोन ओळींच्या वर कुठं लिहितात!"

२३ फेब्रुवारी

बोटीची लांबी चालून बघितली. पुढून मागं, मागून पुढं. मग आत: जिना, ओटा, टेबल, माझी केबिन. माझ्या केबिनीत पाय पसरले की डोकं लाकडाला लागतं. मार्तिनिकमध्ये हे लक्षातच आलं नव्हतं, कारण तिथं मी दिवसभर बाजारात असायचे.

दुर्बीण घेऊन धक्का बघत बसायचे तेवढाच विरंगुळा होता. आज फिर्मिन ती घेऊन गेला. काच धुरकट झालीय, दुरुस्त करून आणतो म्हणाला. मला तर नीट दिसत होतं. पण डोळे माझे, म्हातारे. असेल.

तो सकाळी जातो आणि जेवायच्या वेळेला येतो. कपड्यांना तंबाखूचा वास येतो. ऑफिसात रांगेत बसावं लागतं, तिथं लोक ओढतात म्हणे. बिचारा.

२६ फेब्रुवारी

रविवार. चर्चमधलं गाणं वाऱ्याबरोबर आलं. मी डेकवर उभं राहून ऐकलं आणि बायबलमधलं काही आठवायच्या ऐवजी मला बर्फ घातलेलं लिंबाचं सरबत आठवलं.

फ्रेंच बाईनं हाक मारली, संध्याकाळी प्यायला या म्हणून. मी ओरडून सांगितलं, "नाही जमणार! अजून शिक्के नाहीत!" तिनं आमच्या डोलकाठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग नवऱ्याकडे. नवऱ्यानं खांदे उडवले. माझं फ्रेंच इतकं वाईट आहे का?

२७ फेब्रुवारी

आज गस्तीची बोट आमच्या अगदी जवळून गेली. त्यातल्या गणवेशातल्या एका माणसानं फिर्मिनला हाक मारली, वर बोट दाखवलं आणि हसला. फिर्मिनही हसला, हात हलवला. वारा होता, आणि माझं इंग्रजी फेरीवरच्या ट्रकवाल्यांकडून शिकलेलं, म्हणजे बटाटे, चहा आणि शिव्या एवढ्यापुरतं पक्कं. समोर उभं राहून सावकाश बोललं तर कळतं, लांबून काही कळलं नाही.

"काय म्हणाला?"

"काय म्हणणार? टिंगल करतात. अजून लटकताय का म्हणाला."

मला इतका संताप आला की मी त्या बोटीच्या पाठीला ट्रकवाल्यांचं इंग्रजी ऐकवलं. फिर्मिन पोट धरून हसला. मग एकदम गंभीर होऊन म्हणाला, "लीव, इतकं वाईट आहे का गं इथं? पाणी निळं, थंडी नाही, मी आहे. तिकडं ओस्टेंडला आता गारा पडत असतील."

मी म्हटलं, वाईट नाही. म्हटलं खरं.

२ मार्च

आज फिर्मिन गेल्यावर पाववाली आली. इंजिन लावलेला लाकडी मचवा, त्यात टोपल्या, टोपल्यांवर ओलं फडकं. फ्रेंचांकडे रोज येते, आमच्याकडे फिर्मिन तिला लांबूनच हात करून घालवतो, कारण शिक्के पडेपर्यंत किनाऱ्यावरचं काही घ्यायचं नाही असा नियम आहे. नाव इझमे. माझ्याएवढीच असेल, पण दंड माझ्या दुप्पट. तिनं आमच्या कठड्याला हात घातला आणि मचवा थोपवला.

"तू आजारी आहेस का?"

"नाही."

"मग उतरत का नाहीस? रोज बघते. पिंजऱ्यातल्या कोंबडीसारखी येरझारा घालतेस."

मी बावटा दाखवला. सांगितलं की ऑफिसात कागद अडकलाय, फिर्मिन बिचारा रोज जाऊन बसतो.

"कुठं बसतो?"

"कस्टममध्ये."

तिनं गालाच्या आत जीभ फिरवली. "अगं बाई, तुझा माणूस तो ना, पांढरी दाढी, एक पाय ओढत चालतो? तो युक्लिडच्या दुकानापुढं डॉमिनोजच्या सोंगट्या मांडून खेळत बसतो. माझ्या भावाला रोज हरवतो."

मी हसले. पांढऱ्या दाढीचे, पाय ओढणारे म्हातारे या सगळ्या बेटांवर किती आहेत! नांगरलेल्या अर्ध्या बोटी त्यांच्याच मालकीच्या. तिला तसं सांगितलं. तिनं टोपलीवरचं फडकं उचललं. एक नारळाचा पाव माझ्या हातात ठेवला आणि गेली.

गरम होता. उभ्यानंच सगळा खाल्ला. फडक्यानं चुरा पुसला. नियम मोडला म्हणून फिर्मिनला वाईट वाटायला नको.

५ मार्च

चूक केली. जेवताना सहज थट्टेत म्हणाले, "इथं तुझा एक जुळा भाऊ आहे म्हणे, डॉमिनोज भारी खेळतो."

त्यानं चमचा खाली ठेवला. "कोण म्हणालं?"

मी इझमेचं नाव सांगितलं. मग जे ऐकलं! ती चोरटा माल आणते, पोलिस तिच्यावर नजर ठेवून आहेत, तिच्याशी बोलताना कुणी पाहिलं तर आपले कागद कायमचे कपाटात जातील. इतका मोठा आवाज मी त्याचा कधी ऐकला नव्हता. फ्रेंचांच्या मुली खेळायच्या थांबल्या. मग त्याचाच आवाज फाटला आणि तो म्हणाला, "तुझ्यासाठीच करतोय ना सगळं!"

दुपारी म्हणाला, इथं लाट फार लागते, बोट जरा बाहेर घेऊ या. नांगराची साखळी ओढायचा हातरहाट तो दोनदा फिरवतो आणि कंबर धरून बसतो. त्याचे हातही थरथरतात हल्ली, कप भरून देत नाही मी. म्हणून मीच फिरवला. साखळी वर घेतली, खाडीच्या तोंडाशी जाऊन परत सोडली. हाताला फोड आले.

इथं खरंच लाट कमी असेल. मला तर जास्तच वाटते. धक्क्यावरची माणसं आता तिळाएवढी दिसतात.

८ मार्च

अजून पंधरा दिवस, फिर्मिन म्हणाला.

मी म्हटलं, तोवर कात्रिन बाळंत होईल.

तो म्हणाला, "तू असलीस काय नसलीस काय, मूल व्हायचं तेव्हा होणारच आहे, लीव."

वाईट हेतूनं नाही म्हणाला. पाय चोळत होता, कळ आली होती. पण मला तेव्हापासून नीट श्वास घेता येत नाहीये. डेकवर गेले तरी नाही.

मी ठरवलंय. तो भिडस्त माणूस आहे, त्याला ऑफिसरांशी बोलता येत नाही. मी स्वतः जाऊन पाया पडते. एक आजी होणारी बाई समोर उभी राहिल्यावर कुणाला तरी पाझर फुटेल. कोठडीत टाकलं तर टाकू देत, तिथं निदान जमीन असेल. फिर्मिनवर आळ यायला नको म्हणून त्याला न सांगता जाईन.

९ मार्च, इझमेच्या घरी

वही मांडीवर ठेवून लिहितेय, अक्षर वेडंवाकडं येईल.

सकाळी तो गेला. मी पिशवीत साबण, टूथब्रश, दोन परकर आणि ही वही घातली. कोठडीची तयारी. इझमे फ्रेंचांकडे आली तेव्हा टेबलावरची चादर काढून फडकावली. ती आली. मी म्हटलं, मला कस्टममध्ये सोड, पण तुला अडचणीत यायचं नसेल तर धक्क्याच्या अलीकडे पाण्यात उतरव, मी चालत जाईन.

"बस गप," ती म्हणाली. "पाव चिरडू नकोस."

जमिनीवर पाय ठेवला आणि जमीन हलली. इझमेनं दंडाला धरलं. ऑफिस धक्क्यापासून दोन पावलांवर. मी समजत होते कुठंतरी टेकडीवर असेल, दिवसच्या दिवस जातात म्हणजे. आत एकही माणूस रांगेत नव्हता. पंखा फिरत होता. काउंटरमागं कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टातली एक बाई, मिस गुडिंग. कस्टम पण तिच्याकडे आणि शेजारच्या टेबलावर इमिग्रेशन.

मी सगळं पाठ करून गेले होते. म्हटलं, "मी अल्बेर्टीन बोटीवरची. मी गुन्हा केलाय, परवानगीशिवाय उतरले आहे. मला काय शिक्षा करायची ती करा, पण आमचे कागद मोकळे करा. माझी मुलगी बाळंत होणार आहे."

मिस गुडिंगनं पेन खाली ठेवलं. "बसा. पाणी घ्या. अल्बेर्टीन म्हणजे बेल्जियमची ना? तुमचे कागद आले त्याच दिवशी झाले, बाई. मी स्वतः शिक्के मारलेत. तुमच्या कॅप्टननं मला थंडगार जिंजर बिअर आणून दिली होती."

मी म्हटलं, तुमची काहीतरी चूक होतेय. बावटा अजून वर आहे.

"तो आम्हीही बघतोय. गस्तीवाल्यांनी त्याला सांगितलं सुद्धा, अरे बाबा, खाली घे तो, परवानगी मिळून जमाना झाला. तो म्हणाला, दोरी अडकलीय." मग तिचा आवाज बदलला. "तुम्ही तेव्हापासून उतरलाच नाहीत?"

इझमे दारात उभी होती, तीच म्हणाली, "नाही उतरली. मी बघतेय ना रोज." आणि कुणी न सांगता बाहेर गेली.

ती त्याला घेऊन आली. त्याच्या हातात डॉमिनोजची एक सोंगटी तशीच राहिली होती. मला बघितल्यावर ती सोंगटी त्यानं खिशात घातली. का कोण जाणे, मला त्या क्षणी फक्त एवढंच दिसलं की त्याची दाढी कुणीतरी छान कापून दिली होती. गावात न्हावी होता. माझ्या केसांच्या जटा झाल्या होत्या.

"मी सांगणारच होतो," तो म्हणाला.

"कधी?"

"तू गेली असतीस."

"हो. गेले असते."

"मग?" त्यानं हे असं विचारलं, जसं काही मीच एखादी साधी गोष्ट समजून घेत नव्हते.

मी मिस गुडिंगला म्हटलं, माझा पासपोर्ट द्या, मी आज निघते. ती म्हणाली, पासपोर्ट आमच्याकडे नाही, तो कॅप्टनकडेच आहे. आणि इथंच खरा तिढा निघाला. मी या देशात आले ती अल्बेर्टीनची खलाशी म्हणून. खलाशी बोटीनं येतो, बोटीनंच जातो. विमानानं जायचं तर कॅप्टननं सही करून त्याला बोटीवरून मोकळं करावं लागतं.

फिर्मिनला हा नियम माहीत होता. तो लगेच म्हणाला, "मी नाही सही करणार. माझ्यासोबत आली, माझ्यासोबत जाईल. कायदाच आहे तसा."

माझ्या कानात लाटांचा आवाज यायला लागला. बंद खोलीत.

मिस गुडिंगनं मान हलवली. "कायदा आहे खरा, कॅप्टन. पण पूर्ण ऐका. तुमची परवानगी सोमवारी संपते. मुदत वाढवायला तुम्ही काल दोघांसाठी अर्ज केलाय. ही बाई नको म्हणत असेल तर मी तो पुढं पाठवणार नाही. सोमवारी बोट हलली पाहिजे, आणि दोन नावं असलेली बोट मी एका माणसावर सोडणार नाही." ती माझ्याकडे वळली. "बाई, तुम्ही पुन्हा त्या बोटीवर जाणार का?"

"नाही."

"ऐकलंत, कॅप्टन? म्हणजे तुम्हाला जाता येत नाही आणि राहताही येत नाही. विचार करा. उद्या या."

तो पाय ओढत निघून गेला. मी इझमेच्या ओट्यावर बसले आहे. तिनं तळलेला मासा आणि भाजलेलं ब्रेडफ्रूट पुढं ठेवलंय. दुसऱ्या कुणीतरी रांधलेलं. गिळवत नाही.

१० मार्च

तो आला नाही. मिस गुडिंग म्हणाली, मी माणूस पाठवते. मी म्हटलं, नको, मी जाते. इझमे म्हणाली, तुला वेड लागलंय. मग म्हणाली, मी इंजिन चालूच ठेवते, आणि तू नजरेआड व्हायचं नाहीस.

कठड्यावरून पाय आत टाकला. तो डेकवर बसला होता. कालच्या कपड्यांत. पुढं साखळी जराशी वर आलेली, रहाटाचा दांडा खाली पडलेला.

"तू एकटा निघत होतास," मी म्हटलं.

"पाच हातसुद्धा वर आली नाही." त्यानं तळवे माझ्यापुढं धरले. ते थरथरत होते, कप धरताना थरथरतात त्याहून जास्त. "मार्तिनिकच्या डॉक्टरनं सांगितलंय, हे वाढणार. कंबर वेगळी, हे वेगळं. मी एकटा इथून हलू शकत नाही, लीव. मरेपर्यंत याच खाडीत."

"मला तसं सांगायचंस."

"आणि तू थांबली असतीस?"

मी खोटं बोलू शकले असते. "एक महिना थांबले असते," म्हटलं. "बाळ बघून कदाचित परत आले असते. आता नाही."

त्यानं रहाटाचा दांडा उचलून जागेवर ठेवला. मग म्हणाला, आई शेवटची तीन वर्षं घराबाहेर पडली नाही, तरी तिची कधी तक्रार नव्हती. मी विचारलं, "तू तिला कधी विचारलंस का?" त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मीच नजर वळवली.

इझमेचा भाऊ थिओफिलस चाळीस वर्षं समुद्रावर होता. तो ग्रेनाडापर्यंत बोट नेऊन द्यायला तयार आहे, तिथं विकता येईल. हे मी फिर्मिनला सांगितलं.

"परक्या माणसाबरोबर?"

"तू त्याला रोज डॉमिनोजमध्ये हरवतोस. परका कसला!"

तो खाली गेला. मी त्याच्या मागं गेले नाही, डेकवर उन्हात उभी राहिले, इझमेला दिसेन अशी. तो पासपोर्ट घेऊन वर आला. हातात दिला, पण बोटं सोडली नाहीत.

"ओस्टेंडला सगळ्यांना सांगशील?"

"काय सांगू म्हणतोस?"

"नातवंडासाठी गेले म्हणून सांग. एवढंच."

मी म्हटलं, बरं. तेव्हा त्यानं पासपोर्ट सोडला. दुपारी ऑफिसात येऊन सही केली, तीन वेळा करावी लागली, पेन घसरत होतं. मिस गुडिंगनं दरवेळी कोरा कागद पुढं ठेवला.

११ मार्च

इझमेच्या फोनवरून कात्रिनला लावला. माझा आवाज तिनं लगेच ओळखला. मग म्हणाली, "आता कशाला फोन केलास?"

फिर्मिननं लिहिलं होतं, माझ्या नावानं: मी बाळंतपणाला येणार नाही. मला इथं नवं आयुष्य मिळालंय. मला त्रास देऊ नका.

"मी अकरा वेळा लिहिलं, मा. रडून लिहिलं. तू एकदाही उत्तर दिलं नाहीस. नंतर मी बंद केलं."

मी तिला सगळं सांगितलं. ती मध्ये मध्ये म्हणायची, "पण तू ओरडली का नाहीस? शेजारी बोटी होत्या ना?" होत्या. शेजारी लहान मुली होत्या. मी त्यांना रोज हात करायचे.

काय उत्तर देऊ? कुणी मला बांधलं नव्हतं. मला वाटत होतं मी नियम पाळतेय. रहाट मी स्वतः फिरवून नांगर लांब नेला.

शेवटी ती म्हणाली, "पायांची सूज आहे तशीच आहे. ये लवकर." जावयानं तिकीट पाठवलं. फिर्मिनला दिलेला शब्द मी ओस्टेंडमध्ये पाळीन. कात्रिन ओस्टेंडमध्ये राहत नाही, गेंटमध्ये राहते.

इझमेला पैसे द्यायला गेले तर तिनं हात झटकला. "पाव चिरडला नाहीस ना, झालं तर." मग मला धरून असं दाबलं की बरगड्या वाजल्या.

१२ मार्च, किंग्जटाउन

विमान उद्या सकाळी. सकाळच्या फेरीनं आले. फेरी खाडीच्या तोंडातून बाहेर पडताना मी मुद्दाम पलीकडच्या बाजूला बसले. तरी मनात येत होतं, थिओफिलसला फिर्मिनचं पथ्य कोण सांगेल, त्याला मीठ कमी लागतं. आलं तसं आलं, थांबवलं नाही.

बंदराजवळ वरच्या मजल्यावर खोली घेतलीय. खाट, खुर्ची, भिंतीवर येशू, खाली भाजीबाजार. दाराला आतून पितळी कडी आहे. दुपारी जेवून जरा पडले. झोप लागेना. उठले, कडी काढली, दार उघडलं. बाहेर बोळ, जिना, कुणाचं तरी धुणं. दार लावलं. थोड्या वेळानं परत उठले आणि परत उघडलं.

तिसऱ्या खेपेला घरमालकीण जिन्यावर उभी होती, हातात चादरी घेऊन.

"दार बिघडलंय का, मॅडम?"

"नाही हो. छान आहे."

"कुठं जायचंय का? रस्ता सांगू?"

"नाही. कुठंच नाही जायचं."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला लाज वाटली, दार लावून घेतलं, खाटेवर बसले. तिची पावलं जिना उतरून खाली जाईपर्यंत कशीबशी थांबले. मग उठून परत उघडलं.